बाजारच्या दिवसाची गाडी

अहिरराव वकिलांनी पहिल्या दिवशी मला जे ऐकवलं ते मी अजून विसरलेली नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मला बंदोबस्तातून काढून नाशिकच्या कोर्टात पैरवीला टाकलं होतं. पैरवी म्हणजे पोलीस आणि सरकारी वकील यांच्या मधलं काम. साक्षीदारांना समन्स पोचवायचं, तारखेला हजर ठेवायचं, मुद्देमाल आणायचा, कागद लावून द्यायचे. खात्यात याला आरामाची जागा म्हणतात. म्हणणाऱ्यांपैकी कुणीही तिथे काम करून पाहिलेलं नसतं.

मारामारीची केस होती. साक्षीदार चांदवडकडचा एक कांदेवाला शेतकरी. मी त्याला व्हरांड्यातल्या बाकावर बसवला आणि पोलिसांनी लिहिलेला त्याचा जबाब घोकवून घ्यायला लागले. "हं, मग? आरोपी क्रमांक दोन याने काय केलं?" तो अडखळला की मी पहिल्यापासून सुरू करायचे. एवढ्यात मागून आवाज आला, "कितवीचा वर्ग आहे, बाई?"

मी उठून उभी राहिले. उंच, वाळका माणूस, कोटाच्या कोपरांवर झिजून आलेली चकाकी, गळ्यातल्या पांढऱ्या पट्ट्या मात्र कडक इस्त्रीच्या. त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला.

"साक्षीदाराचा पोपट झाला की केस मेली, हवालदार. त्याला जबाब एकदा वाचून दाखवा. पुढं त्याला आठवेल ते त्याचं."

शेतकरी मध्येच म्हणाला, "साहेब, आठवतंय तर थोडंच. पण मी बोलतो ना भरपूर, तुम्ही काळजी नका करू."

"भो, तू थोडंच बोल," अहिरराव म्हणाले.

पण तो कसला थोडं बोलतोय! पिंजऱ्यात उभा राहिल्यावर त्याला चेव आला. न पाहिलेल्या काठ्याही त्याने पाहिल्या. शेवटी अहिररावांनीच, म्हणजे त्याला बोलावणाऱ्या सरकारी वकिलानेच विचारलं, "तुम्ही किती लांब होता?" गडी म्हणाला, "असंन चाळीसेक वाफे." जजसाहेबसुद्धा हसले. केस पडली. बाहेर आल्यावर मी रागाने लाल झाले होते. म्हटलं, "साहेब, तो प्रश्न तुम्ही कशाला विचारलात? समोरच्याला सुचलाही नव्हता."

"मला सुचला होता ना," एवढंच म्हणाले आणि डबा खायला गेले.

हे असलं उत्तर मला पुढे सात वर्षं ऐकायचं होतं, ते तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर दुसऱ्या गुडघ्याचंही ऑपरेशन करून घेतलं असतं.

साहेब मूळचे सटाण्याकडचे, बागलाणातले. कोर्टात बोलायचे ते चोख शहरी मराठी, पण चिडले किंवा खूश झाले की अहिराणी बाहेर यायची. त्यांच्या आधीच्या आयुष्याबद्दल मला फार माहिती नाही, आणि त्यांनी कधी सांगत बसण्याचा उत्साहही दाखवला नाही. एवढं कळलं होतं की तरुणपणी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या यार्डात नोकरी करून त्यांनी लॉ कॉलेज केलं. "आधी नखं काळी होती, मग कोट काळा आला. आपलं नशीबच काळ्याचं," असं म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

सेशन्स कोर्टात ते अतिरिक्त सरकारी वकील होते. ही नेमणूक ठरावीक मुदतीची असते. मुदत संपत आली की फाइल मुंबईला जाते आणि तिकडून वाढ आली तर खुर्ची राहते. त्यामुळे त्या खुर्चीवरची माणसं शेवटच्या वर्षी फार गोड बोलायला लागतात. साहेबांना ते जमलं नाही. सरबत करायला बसले असते तर त्यात साखर टाकायचीच विसरले असते.

त्यांना दोन गोष्टींचा राग होता. पहिली, बंद पडलेली घड्याळं. आमच्या मजल्यावरच्या व्हरांड्यातलं घड्याळ कायम पावणेपाच दाखवायचं. त्यांनी तीनदा अर्ज केला. चौथ्यांदा स्वतः सेल आणला, शिपायाचं स्टूल घेतलं आणि कोटासकट वर चढून घड्याळ सुरू केलं. खाली पक्षकारांची ही गर्दी. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून सेल बदलण्याचं काम त्यांच्याकडेच लागलं.

दुसरी गोष्ट म्हणजे 'सुमारास'. पोलिसांच्या लिहिण्यात हा शब्द मिठासारखा पडतो. सकाळी दहाच्या सुमारास, सायंकाळी सहाच्या सुमारास. साहेब लाल पेन्सिलीने त्याच्याखाली रेघ मारायचे. एखाद्या दोषारोपपत्रात इतक्या रेघा व्हायच्या की नवा फौजदार घाबरून विचारायचा, "नापास केलं का?"

"हवालदार," ते मला म्हणायचे, "या सुमारासात माणसं आत जातात आणि बाहेर येईपर्यंत म्हातारी होतात."

मला वाटायचं, वकिलांना बोलायला काहीतरी लागतंच.

पण त्यांची एक पद्धत मात्र मला पहिल्यापासून आवडली. साक्ष ज्या दिवशी असेल त्या दिवशी सकाळी, जजसाहेब यायच्या आधी, ते साक्षीदाराला रिकाम्या कोर्टात घेऊन जायचे. डोंगरातल्या पाड्यांवरची माणसं असायची. आयुष्यात कधी पंखा लावलेल्या एवढ्या मोठ्या खोलीत आलेली नसायची. साहेब त्यांना पिंजऱ्यात उभं करायचे आणि बोट दाखवून सांगायचे, "ही जजसाहेबांची जागा. ही माझी. तो तिकडचा वकील, तो तुम्हाला प्रश्न विचारील, ओरडेलही, ते त्याचं काम आहे. आणि तुमच्या मागं भिंत आहे. मागून कुणी येणार नाही." मग त्यांना स्वतःचं नाव मोठ्याने म्हणायला लावायचे. एकदा, दोनदा, आवाज त्या खोलीत घुमेपर्यंत. केसबद्दल चकार शब्द नाही. मी पाहिलंय, नाव म्हणताना पहिल्यांदा मान खाली असायची आणि तिसऱ्यांदा वर यायची. एका बाईने तर चौथ्यांदा स्वतःहून म्हटलं, नवऱ्याचं नाव न लावता. साहेब म्हणाले, "बस बाई, एवढा आवाज पुरे."

आता ज्या केससाठी मी हे लिहायला बसले, ती सांगते.

पश्चिमेकडे, पेठ-सुरगाण्याच्या अंगाला, डोंगरात एक पाडा आहे. तिथला धाकू नावाचा म्हातारा शेतकरी त्याच्या नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, वावरात मारलेला सापडला. डोक्यात घाव. पोलिसांनी त्याच्या पुतण्याला, किसनला धरलं. बांधावरून दोघांचं भांडण होतं हे सगळ्या पाड्याला माहीत होतं. किसन तिशीतला, द्राक्षाच्या हंगामात दिंडोरीकडे मजुरीला जाणारा. जामीन मिळाला नाही. केस उभी राहिली तेव्हा त्याला नाशिकरोडच्या जेलमध्ये दोन पावसाळे झाले होते.

पोलिसांची मांडणी सरळ होती. त्या दिवशी बाजार होता. किसन खालच्या गावी बाजाराला गेला होता, हे तो स्वतःच सांगत होता. बाजाराच्या गावाहून पाड्यावर जाणारी दुपारची एसटीची एकच गाडी, ती दोन वाजता पोचते. डेपोचं तसं पत्रही जोडलेलं होतं. किसन दोनला उतरला, वर वावरात गेला, चुलत्याशी भांडला आणि मारून पळाला. पाड्यावरच्या सोनाबाईने 'गाडी आली त्या सुमारास' त्याला वावराच्या वाटेवर पळताना पाहिलं होतं. दोन चाळीसला पोलीस पाटलाने टेकाडावर चढून, रेंज मिळवून ठाण्याला फोन केला, की धाकू मरून पडलाय. फोनची वेळ ठाण्याच्या डायरीत होती. सगळं कसं कुलपात किल्ली बसावी तसं बसत होतं.

आणि धाकूची मुलगी सुनंदा प्रत्येक तारखेला यायची. पहाटेची गाडी धरून सीबीएसच्या स्टँडला उतरायची, समोर कोर्ट, थेट आमच्या व्हरांड्यात. बाकाच्या टोकाला बसायची. भाकरीचं फडकं मांडीवर, पण खाताना मी तिला पाहिलं नाही. साहेब आले की उठून उभी राहायची आणि एकच वाक्य बोलायची, "साहेब, माझ्या बापाला मारलं त्याला सोडू नका."

साहेबांचा नियम होता, खुनाची केस चालवायची तर जागा स्वतः पाहायची. तीही पोलिसांच्या जीपमधून नाही. "जीपमधून गेलं की गाव जीपला उत्तर देतं," म्हणायचे. कोर्टाला सुट्टी लागली तेव्हा आम्ही निघालो. साहेब, मी आणि त्यांचा डबा. बाजाराच्या गावी पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. योगायोगाने त्या दिवशीही तिथे बाजार होता.

पाड्याची गाडी उभी होती. फलकावर सुटायची वेळ सव्वाएक. आम्ही चढून जागा धरली. सव्वाएक झाला, दीड झाला. ड्रायव्हर चिंचेखाली आडवा झालेला. साहेबांनी घड्याळ बघायला सुरुवात केली. पावणेदोनला ते खाली उतरले.

"काय हो, गाडी कधी सोडताय?"

कंडक्टर बिडी विझवत म्हणाला, "साहेब, बाजार उठल्याबिगर कशी सोडू? वरच्या पाड्याच्या बाया यायच्यात अजून. टाकून गेलो तर बारा किलोमीटर चालतील का त्या, डोक्यावर ओझं घेऊन?"

"रोज असंच?"

"रोज कशाला? बाकी दिवस टायमावर हाय गाडी. बाजारच्या दिवशी थांबावं लागतं. पहिल्यापासून हाय हे."

साहेब येऊन माझ्या शेजारी बसले. मी म्हटलं, "साहेब, डबा काढू का?" ते घड्याळच बघत होते. मला वाटलं उन्हाने चिडले. बायका आल्या, पाट्या आल्या, दोन कोंबड्या आल्या, आणि अडीचच्या पुढे गाडी हलली. वर पाड्यावर पोचली तेव्हा साहेबांनी घड्याळ माझ्यापुढे धरलं. तीन वाजून पंचवीस मिनिटं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खरं सांगते, मला आनंद झाला नाही. किसन ज्या गाडीने आला ती गाडीही बाजारच्याच दिवसाची; म्हणजे धाकू मेल्याचा फोन होऊन गेल्यावर पाऊण तासाने आली असणार.

सोनाबाई अंगणात नागली पाखडत होती. साहेब जमिनीवरच बसले.

"आजी, तुम्ही किसनला पळताना पाहिलं ना? कुठून कुठं पळत होता?"

तिने सूप खाली ठेवलं. "कुठून म्हंजे? गाडीवरून. उतरला न् वर पळाला, वावराकडं. चुलता पडेल व्हता ना त्याचा. लोकांनी सांगलं त्याला."

"हे पोलिसांना सांगितलं होतं?"

"त्यांनी इचारलं, पळत व्हता का. मी म्हनलं, हा, पळत व्हता. कुठं ते नाय इचारलं कोनी."

परत येताना मी त्यांना समजवायला लागले. मी पोलीस आहे, हे लक्षात घ्या. म्हटलं, "साहेब, हे आरोपीच्या वकिलाचं काम आहे. ती बघून घेईल." आरोपीची वकील मोफत कायदेशीर मदत केंद्रातून नेमलेली एक तरुण मुलगी होती. तिनेही डेपोचं पत्र मान्य करून टाकलं होतं.

साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ठाण्यातला एक जरी माणूस या गाडीनं आला असता ना, तर किसन आज घरी असता. मी आलो. आता मी न आल्यासारखं कसं करू?"

आजही मला त्या सल्ल्याची लाज वाटते.

त्यांनी स्वतः अर्ज लिहिला, की कंडक्टरला साक्षीला बोलवावं आणि त्या दिवसाची गाडीची लॉगशीट मागवावी. बातमी ठाण्यात पोचायला किती वेळ लागणार! तिथले निरीक्षक दुसऱ्याच दिवशी साहेबांच्या खोलीत. चहा नको म्हणाले, बसायलाही नको म्हणाले.

"साहेब, तुम्ही आमच्या बाजूचे ना?"

"मी सरकारच्या बाजूचा."

"मग?"

"मग किसन काय परदेशातून आलाय? तोही सरकारचाच."

निरीक्षकांनी आवाज खाली आणला. "तुमच्या मुदतवाढीची फाइल मुंबईला आहे म्हणतात. या दिवसात असं काही... बघा, मी आपुलकीनं सांगतो."

"माझी फाइल मुंबईला आहे, खरंय," साहेब म्हणाले. "पण त्याची फाइल माझ्या हातात शे ना भो."

अहिराणी आली म्हणजे विषय संपला, हे मला माहीत होतं, निरीक्षकांना नव्हतं. ते आणखी दहा मिनिटं बोलत राहिले. साहेब लाल पेन्सिलीला टोक काढत बसले.

निरीक्षकांपेक्षा अवघड काम दुसरंच होतं. पुढच्या तारखेला सुनंदा आली, तेव्हा साहेबांनी तिला आत बोलावलं, स्वतःच्या समोरच्या खुर्चीत बसवलं आणि चहा मागवला. मला थांबायला सांगितलं. सगळं सांगितलं, आडवळण न घेता. गाडी, वेळ, सोनाबाई. ती टक लावून ऐकत होती.

"मंग माझ्या बापाला मारलं कोनी?"

"ते मला माहीत नाही. यानं मारलं नाही, एवढं माहीत आहे."

"दोन वरीस तुम्ही म्हनत व्हते, आपण न्याय मिळवू. मी गावात ताठ मानेनं सांगलं का किसननं मारलं. त्याची माय माझ्या दारावरून जाती, मी थुकते. आता तुम्ही म्हनता त्यानं नाय मारलं."

"हो."

"मंग तुम्ही माझे वकील नाय."

ती उठली. कप तसाच राहिला, चहावर साय धरली. साहेबांनी तो कप बराच वेळ उचलू दिला नाही. नंतर म्हणाले, "हवालदार, तिच्या प्रश्नाचं उत्तर आपण द्यायचं राहिलंय. लिहून ठेवा." मी लिहून ठेवलं. त्यांना लिहिलेलंच खरं वाटायचं.

कंडक्टरही घाबरला होता. "साहेब, मी लॉगशीटवर खरी येळ लिहितो, बाजारच्या दिवशीसुद्धा. ती कोनी वाचत नाय म्हणून चालतंय. कोर्टात वाचली का मला मेमो." साहेबांनी त्याच्यासाठी डेपोला वेगळं पत्र लिहिलं, की या माणसाने खरी वेळ लिहून न्यायालयाची मदत केली आहे, त्याला त्रास होऊ नये. मग सकाळी रिकाम्या कोर्टात नेऊन त्यालाही चारदा नाव म्हणायला लावलं. मागे भिंत आहे हेही सांगितलं.

त्या दिवशी कोर्ट भरलं होतं. जजसाहेबांनी विचारलं, "सरकारी वकील, हा साक्षीदार आरोपीतर्फे यायला हवा होता, नाही का?"

साहेब उभे राहिले. "साहेब, त्यांना हे माहीत नव्हतं. मला आहे. माहीत असून मी गप्प बसलो तर या बाजूला उभं राहायचं कशाला?"

लॉगशीट वाचली गेली. पोच, तीन पंचवीस. सोनाबाईला पुन्हा बोलावलं. तिने हात लांब करून दाखवलं, गाडी इकडं, वावर तिकडं, पळाला तो तिकडं. तिचा आवाज मागच्या बाकापर्यंत गेला. आरोपीची वकील मुलगी उलटतपासाला उठली, म्हणाली, "प्रश्न नाहीत," आणि खाली बसताना डोळे पुसले. किसन पिंजऱ्यात दोन्ही हात जोडून उभा होता. त्याला कुणाकडे बघून हात जोडायचे ते कळत नव्हतं, म्हणून तो आळीपाळीने सगळ्यांकडे बघत होता.

तो सुटला. जजसाहेबांनी निकालात साहेबांविषयी चार ओळी लिहिल्या. साहेब मला म्हणाले, "त्याची झेरॉक्स काढत फिरू नका." मी काढली. ती माझ्या कपाटात, लेकीच्या पदवीच्या कागदाखाली आहे. खात्यात माझ्याशी दोन महिने कुणी धड बोललं नाही, तरी मी मान वर करून फिरायचे. एवढा ताठा मला बढती मिळाली तेव्हाही आला नव्हता.

मुदतवाढ आली नाही. का आली नाही, हे कुणी लिहून देत नसतं. शेवटच्या दिवशी साहेबांनी टेबल आवरलं. लाल पेन्सिली खिशात टाकल्या, स्टूल मागितलं, आणि व्हरांड्यातल्या घड्याळात नवा सेल घातला. "आता तुमचं तुम्ही बघा," शिपायाला म्हणाले. मला वाटलं होतं मी रडणार नाही. रडले. ते म्हणाले, "हवालदार, वर्दीत आहात."

त्यानंतर तीनेक महिन्यांनी सुनंदा आली. तारीख नव्हती, केस नव्हती, तरी त्याच बाकाच्या त्याच टोकाला बसलेली. मी जवळ गेले तर म्हणाली, "साहेब नाय का?" मी तिला पंचवटीत त्यांच्या घरी घेऊन गेले. साहेब ओट्यावर पेपर वाचत होते. तिला बघून उठले, आत आवाज दिला, आणि म्हणाले, "बस बाई. तुझा त्या दिवशीचा चहा राहिलाय."

ती प्यायली. अर्ध्यावर म्हणाली, "उत्तर राहिलंय म्हनले व्हते तुम्ही. या बाईंनी सांगलं." मी सांगितलं होतं खरं, येताना गाडीत.

"राहिलंय," साहेब म्हणाले. "पण आता खुर्ची नाही माझ्याकडं."

"खुर्चीला काय करायचंय? तुम्ही गाडीनं या ना."

तिच्या वकीलपत्रावर त्यांनी त्याच ओट्यावर सही केली. सरकारविरुद्ध, म्हणजे ज्या बाजूला ते आयुष्यभर उभे राहिले त्या बाजूविरुद्ध, तपास नव्याने करा म्हणून अर्ज लावला. तो फेटाळला गेला, वर नेला, तिथे मंजूर झाला. मी मधल्या काळात निवृत्त झाले. गुडघ्याने पुन्हा डोकं वर काढलं, कोर्टात जाणं सुटलं. कधीतरी फोन व्हायचा. "काय हवालदार, घड्याळ चालू शे का?" एवढंच विचारायचे. मी खोटं सांगायचे की चालू आहे.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीकडे त्या बाजूला जायचा योग आला. बाजाराच्या गावात उतरले. बाजारचा दिवस होता. ती पाड्याची गाडी फलकाजवळ उभी, आतून भरलेली. बायका, पाट्या, सगळं जागच्या जागी. अडीच वाजून गेले होते. कंडक्टर तोच, केस पिकलेला. मला ओळखलं त्याने.

मी म्हटलं, "काय हो, सगळे तर आलेले दिसतायत. आता कुणासाठी थांबलाय?"

"वकीलसाहेब यायचेत ना बाई. गेल्या महिन्यात नव्या तपासात खरा माणूस धरला, आज त्याचं दोषारोपपत्र आलं म्हणे. सोनाबाईला सांगायला निघालेत. पायात जोर नाय राहिला त्यांच्या, हळू येतात."

गाडीच्या पायरीवर एक माणूस दांड्याला धरून उभा होता, एक पाय आत, एक बाहेर. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला की तो म्हणायचा, "थांब रे, आले." तो किसन होता.

मग ते दिसले. बाजारातल्या गर्दीतून, हातात काठी, कोट नाही, पांढरा सदरा. शेजारी सुनंदा, त्यांची कागदांची पिशवी तिच्या डोक्यावर, बाजाराच्या पाटीसारखी. चढताना किसनने त्यांना एका बाजूने धरलं आणि सुनंदाने दुसऱ्या. पिशवी सुनंदाने किसनच्या हातात दिली, त्याने ती छातीशी धरली. कुणी कुणाकडे बघितलं नाही, पण पिशवी या हातातून त्या हातात गेली.

साहेब खिडकीशी बसले आणि बाहेर मी दिसले. क्षणभर त्यांनी डोळे बारीक केले. मग मनगट वर करून घड्याळाच्या काचेवर बोट वाजवलं.

"हवालदार, गाडी सुटली. वेळ लिहून घ्या."

लिहायला माझ्याकडे कागद नव्हता, मी तळहातावर लिहिलं. दोन वाजून त्रेचाळीस मिनिटं. सुमारास नाही.